महागड्या सुगंधांवरून बेतलेली स्वस्त परफ्यूम : कुठली घ्यावीत, कुठली टाळावीत?

गुजरीकर

नमस्कार. माझ्या भाच्याचे लग्न वैशाखात ठरले आहे आणि आहेरात मामाकडून काय हवे, असे विचारल्यावर त्याने संकोचत एका परफ्यूमचे नाव सांगितले. क्रीड या कंपनीचे अ‍ॅव्हेंटस. 2010 साली बाजारात आलेला हा सुगंध त्याच्या पुण्याच्या मित्राकडे आहे. 100 मिलीच्या बाटलीची किंमत पाहिल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. आकडा 30 हजारांच्या पुढे होता. शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या मुलाने तेवढे पैसे अंगावर फवारावेत हे मला पटेना, आणि त्यालाही ते पटत नव्हते.

या आधी त्याने एक उद्योग केलेला होता. रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून ‘ओरिजिनल माल, फक्त बिल नाही’ अशा बोलीवर त्याने 900 रुपयांत त्याच नावाची बाटली घेतली. खोका, झाकण, अक्षरे सगळे हुबेहूब. दोन दिवसांत मानेवर लाल चट्टे उठले आणि ते जायला आठवडा लागला. तेव्हापासून आमच्या घरात ‘डुप्लिकेट सेंट’ हा शब्द उच्चारायची सोय राहिलेली नाही.

माझे म्हणणे असे आहे की या एका शब्दात आपण दोन वेगळ्या वस्तू कोंबतो. दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याची बाटली वापरून विकलेला माल ही बनावट आहे. स्वतःचे नाव, स्वतःचा पत्ता आणि स्वतःची बाटली घेऊन, पण वास मात्र एखाद्या प्रसिद्ध सुगंधावरून बेतून विकलेला माल ही निराळी गोष्ट आहे. दुबईच्या आर्माफ या ब्रँडचे क्लब द न्यूई इंटेन्स मॅन हे परफ्यूम अ‍ॅव्हेंटसवरून बेतलेले म्हणून जगभर ओळखले जाते. 105 मिलीची बाटली मला 3 हजारांच्या आसपास मिळाली.

अस्सल अ‍ॅव्हेंटसची 5 मिलीची कुपी भाच्याच्या मित्राने काढून दिली. एका मनगटावर हे आणि दुसऱ्यावर ते, असे मी चार दिवस केले. पहिली दहा मिनिटे फरक इतका आहे की सर्दी झालेल्या माणसालाही कळावा. अस्सलमध्ये अननसाचा गोडसर, रसाळ वास उघडतो, तर आर्माफमध्ये लिंबाचा आंबट, बोचरा झोत येतो आणि आपण भांडी घासायच्या साबणाजवळ उभे आहोत असे क्षणभर वाटते. अर्ध्या तासाने तो बोचरेपणा ओसरतो. चार तासांनी मात्र बर्चच्या लाकडाचा धुरकट वास आणि कस्तुरीसारखी ऊब एवढेच उरते, आणि तेव्हा कोणते मनगट कोणाचे हे मला चिठ्ठी पाहिल्याशिवाय सांगता आले नाही. सुरुवात इतकी वेगळी आणि शेवट इतका सारखा, असे का व्हावे? जाणकारांनी सांगावे. कायद्याच्या दृष्टीने हे कुठे बसते आणि त्वचेला धोका कशात आहे, हेही समजून घ्यायचे आहे.

मळीचा_अर्क

मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतील प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

एखाद्या सुगंधाची नक्कल करणारे लोक प्रथम त्याचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या जोडयंत्रातून काढतात. आमच्याकडे क्रोमॅटोग्राफ अल्कोहोलची शुद्धता पाहण्यासाठी असतो, तत्त्व तेच. मिश्रणातील घटक एकेक करून सुटे होतात आणि कोणता घटक किती आहे याचा आलेख मिळतो. कृत्रिम रेणू या आलेखात स्वच्छ दिसतात. नैसर्गिक तेलांचे तसे नाही. बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल घ्या. त्यात लिमोनीन, लिनालिल अ‍ॅसिटेट आणि लिनालूल हे मोठे घटक असतात, पण त्यांच्या मागे अल्प प्रमाणातील अनेक घटक असतात आणि तेलाला गोलाई देतात ते हेच. स्वस्त नक्कल करणारा मोठे दोन-तीन घटक घालतो आणि मागची फौज सोडून देतो. तुम्हाला जाणवलेला बोचरेपणा बहुधा तिथला आहे.

आता शेवट सारखा का? कारण तळाशी राहणारे पदार्थ बहुतांशी कृत्रिम आहेत आणि ते कोणालाही विकत मिळतात. अँब्रॉक्सन, आयसो ई सुपर आणि बरेचसे कृत्रिम कस्तुरीवर्गीय रेणू यांच्यावरील पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. अँब्रॉक्सनचे एक गमतीचे सांगतो. कोकण किनाऱ्यावर ‘व्हेल माशाची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. ती म्हणजे अंबरग्रीस, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा व्यापार गुन्हा आहे. त्यातील सुगंधाचा गाभा असलेला रेणू क्लॅरी सेज या वनस्पतीतील स्क्लॅरिऑलपासून कारखान्यात तयार करता येतो, तोच अँब्रॉक्सन. डिऑरच्या 2015 च्या सोव्हाजमध्ये तो भरपूर आहे आणि 1 हजार रुपयांच्या नकलेतही तो असतो. श्रीमंताचा व्हेल आणि गरिबाचा व्हेल, दोन्ही मुळात झुडपातूनच आलेले.

एक अडचण मात्र नकलाकाराला ओलांडता येत नाही. जिव्होदां, डीएसएम-फर्मेनिश, आयएफएफ, सिमराइज या सुगंधद्रव्ये बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या काही नवे रेणू बाहेर विकतच नाहीत, स्वतः तयार केलेल्या मिश्रणांपुरते राखून ठेवतात. अशा रेणूची चिठ्ठी आलेखावर मिळाली तरी माल मिळत नाही. ध्यानात घ्या, बहुतेक डिझायनर ब्रँडांचे सुगंध त्या ब्रँडांच्या घरात तयार होत नाहीत, ते याच कंपन्यांचे परफ्यूमर तयार करतात. आपल्याकडेही मुंबईची एस. एच. केळकर ही 1922 पासूनची कंपनी याच व्यवसायात आहे.

फाया

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला. त्याला इतिहासाची एक पुरवणी जोडतो, कारण ‘बेतणे’ ही दुबईची कला आहे असा समज होऊ नये. फ्रेंच परफ्यूमर फ्रान्सवा कोटी यांनी 1917 मध्ये शीप्र हे परफ्यूम काढले आणि 1919 मध्ये गेर्लँ या फ्रेंच कंपनीचे मित्सुको आले. मित्सुकोने त्याच सांगाड्यावर पीचसारखा वास चढवला आणि आज शीप्र दुकानात मिळत नाही, मित्सुको मिळते. शनेल नंबर 5 1921 चे, तर कोटींचे लेमाँ हे त्याच धाटणीचे परफ्यूम 1927 चे. क्रीडच्याच 1985 च्या ग्रीन आयरिश ट्वीडशी नाते सांगणारे डाविडॉफचे कूल वॉटर 1988 मध्ये निघाले आणि आमच्या पिढीला तेवढेच ठाऊक होते. मी ते पहिल्यांदा शाहूपुरीत एका मित्राच्या आखातातून आलेल्या भावाच्या बॅगेत हुंगले. ते कोणाच्या तरी सावलीत उभे आहे हे समजायला मला 20 वर्षे लागली, आणि समजल्यावरही त्याची गोडी कमी झाली नाही.

म्हणून गुजरीकर यांनी केलेला भेद मला मान्य आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. बेतलेल्यांतही दोन जाती आहेत. काही जण मूळ सुगंधाला हात लावून त्यात काही तरी स्वतःचे घालतात, काही जण आलेख पाहून माप ओततात.

वकिलीण_मंगळवारपेठ

कायद्याविषयी विचारले आहे म्हणून लिहिते.

आपल्या 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यात चिन्ह हे रेखाटून दाखवता येण्याजोगे असावे लागते, आणि वासाच्या बाबतीत ही अट फार जड जाते. पेटंट घ्यायचे तर कृती जाहीर करावी लागते आणि मुदत 20 वर्षांचीच, म्हणून परफ्यूम कंपन्या कृती गुपित ठेवणे पसंत करतात. परिणामी वासाची नक्कल करणाऱ्याला अडवणे अवघड, पण नाव, बोधचिन्ह आणि खोका यांची नक्कल करणाऱ्याला अडवणे सोपे. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्याला कलम 103 खाली किमान 6 महिने ते कमाल 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. भाच्याची 900 रुपयांची बाटली या कलमात बसते.

मधला प्रदेश निसरडा आहे. ‘अमुक परफ्यूमवरून प्रेरित’ असे जाहिरातीत लिहावे का? युरोपीय न्यायालयाने 18 जून 2009 रोजी लॉरेआल विरुद्ध बेल्यूर या खटल्यात सांगितले की आमचा अमुक क्रमांकाचा माल म्हणजे तुमचे त्रेझोर हे परफ्यूम, अशी तुलनेची यादी देऊन विकणे म्हणजे मूळ नावाच्या प्रतिष्ठेचा गैरफायदा घेणे होय. त्या खटल्यात वास सारखा असण्याला कोणी गुन्हा म्हटले नव्हते, वांधा यादीचा होता. आपल्या कायद्याच्या कलम 29(8) मध्येही जाहिरातीतून अनुचित फायदा घेण्यास मनाई आहे. म्हणूनच शहाणे विक्रेते नाव न घेता सूचक बोलतात आणि तुलनेचे काम गिऱ्हाइकांवर सोपवतात. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाकारला, आणि त्याच वर्षी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. युरोपातल्याच दोन देशांत एकाच प्रश्नाचे दोन न्याय, यावरून विषय किती सुटसुटीत आहे ते समजून घ्यावे.

तालीमवाला

मॅडम, आपले म्हणणे समजले, परंतु कोल्हापूरच्या माणसाने या बाजूने बोलावे याचे मला नवल वाटते. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली, आपले नाव घेतले नाही, तेव्हा हेच शहर पेटून उठले होते. चपलेची नक्कल ती चोरी आणि वासाची नक्कल ती प्रेरणा, हे कसे?

वकिलीण_मंगळवारपेठ

प्रश्न रास्त आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक निर्देशन (जीआय) मिळाले, ते महाराष्ट्रातील 4 आणि कर्नाटकातील 4 जिल्ह्यांसाठी आहे, आणि त्याने संरक्षण मिळते ते प्रामुख्याने नावाला. दुसरीकडे बनवलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही. आकारावर मात्र तो हक्क पोचत नाही. त्यामुळे कायद्याची रेघ दोन्हीकडे एकाच ठिकाणी पडते. आपला संताप होता तो श्रेय न दिल्याचा, आणि टीकेनंतर प्राडाने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. शिवाय एक फरक मला व्यक्तिशः महत्त्वाचा वाटतो. तिथे मोठ्याने लहानाचे उचलले होते, इथे लहान मोठ्याचे उचलतो आहे. हा फरक न्यायालयात चालणार नाही, हे मलाही ठाऊक आहे.

तालीमवाला

ठीक. श्रेयाचा मुद्दा पटला, बाकीचा अर्धा पटला.

आत्याबाई

मला या सगळ्यात एक विचारायचे आहे. फ्रान्सची नक्कल दुबईने करायची आणि ती आपण कोल्हापुरात आणायची, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आमच्या घरी हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावत आणि गुलाबपाणी शिंपडत. माझे सासरे उन्हाळ्यात खसाचा आणि थंडीत हिन्याचा फाया कानात ठेवत. महाद्वार रोडच्या परिसरात आजही तोळ्यावर अत्तर मिळते, 200 रुपयांत चंदनाची कुपी येते, अल्कोहोल नाही की चट्टे नाहीत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे, हे माझ्या वडिलांनी मला शाळेत असताना दाखवले होते. नवऱ्या मुलाला अस्सल अत्तर द्यावे, असे माझे मत आहे.

मळीचा_अर्क

आत्याबाई, आपल्या भावनेचा आदर राखून एक कटू गोष्ट सांगतो. खऱ्या चंदनाचे तेल आज किलोला लाख रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे तोळाभर, सुमारे 12 ग्रॅम, तेलाची नुसती मालाची किंमतच हजार रुपयांच्या वर गेली. 200 रुपयांच्या कुपीत जे असते ते बहुधा चंदनासारखा वास देणारे कृत्रिम रेणू आणि पातळ करण्यासाठी डायप्रोपिलीन ग्लायकॉल किंवा पॅराफिन तेल. ते वाईट असतेच असे नाही, पण तेही चंदनावरून बेतलेलेच आहे, फक्त त्याला कोणी डुप्लिकेट म्हणत नाही. कनौजमध्ये देग (उकळण्याचा हंडा) आणि भपका (वाफ थंड करून धरणारे भांडे) वापरून चंदनाच्या तेलावर फुलांचा अर्क उतरवण्याची रीत अजून जिवंत आहे, पण त्या अत्तराचा भाव ऐकला तर क्रीड स्वस्त वाटायला लागेल.

चट्ट्यांबाबतही अल्कोहोल हा एकटा आरोपी नाही. शुद्ध अल्कोहोल उडून जाते. त्रास देतात ते काही सुगंधी घटक, आणि बिनपरवाना मालात कोणते अल्कोहोल किंवा कोणता द्रावक घातला याची खात्री नसते. लिलिअल नावाचा एक लोकप्रिय घटक युरोपने 1 मार्च 2022 पासून बंद केला, लायरल त्याच्याही आधी बंद झाला. जबाबदार उत्पादक अशा बदलांप्रमाणे कृती सुधारतो, रस्त्यावरचा सुधारत नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक हेही खरे नाही. बर्गमोटच्या न शुद्ध केलेल्या तेलात बर्गाप्टेन असते, ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते.

आत्याबाई

सासऱ्यांची कुपी अजून फडताळात आहे. ती खरी होती की बेतलेली, हे आता मी तपासणार नाही.

पाचवी_गल्ली

मी राजारामपुरीत राहतो, विद्यापीठात शिकतो आणि गेली तीन वर्षे खिशाला परवडेल असे सुगंध गोळा करतो आहे, म्हणून काही जोड्या सांगतो. किलियानच्या एंजल्स शेअरच्या जवळ जाणारे लताफाचे खमरा मला मुळापेक्षा अधिक आवडले. दालचिनी आणि खजुराचा जाडसर गोडवा त्यात आहे आणि थंडीत तो उत्तम बसतो. मे महिन्यात बिंदू चौकात दुपारी लावून उभे राहिलात तर मात्र शेजारचा माणूस सरकून उभा राहील. सोव्हाज एलिक्सरसाठी लताफाचे असद, जाँ पॉल गोतिएच्या अल्ट्रा मेलसाठी अफनानचे 9 पीएम. बकारा रूज 540 च्या नकला ढिगाने आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक साखरेच्या पाकासारख्या वाटतात. मूळ सुगंधातही तो गोडवा आहे, पण त्यात हवा खेळती आहे. ती हवा कोणालाच जमलेली नाही, असे माझे मत आहे.

आम्ही सहा जण मिळून एक बाटली घेतो आणि 10-10 मिली वाटून घेतो, त्यामुळे न आवडल्याचे दुःखही सहा ठिकाणी वाटले जाते. एक सावधगिरी : आता क्लब द न्यूईसारख्या नकलेचीही बनावट निघाली आहे. नेहमीच्या भावापेक्षा निम्म्याने स्वस्त मिळत असेल तर घेऊ नये.

नवी बाटली महिनाभर अंधारात ठेवली की वास सुधारतो असे सगळे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

मळीचा_अर्क

थोडे आहे. अल्कोहोल आणि अ‍ॅल्डिहाइड यांची संथ क्रिया होऊन अ‍ॅसिटल नावाची संयुगे तयार होतात, व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) असेल तर रंग गडद होतो, आणि बोचरेपणा काहीसा बसतो. घाईने भरून बाजारात पाठवलेल्या स्वस्त मालात हा बदल तुमच्या कपाटात घडतो, एवढेच. परंतु महिनाभरात जितके परफ्यूम बदलते तितकेच आपले नाकही त्याला सरावते.

याच कारणाने ‘दोन तासांत उडाले’ या तक्रारीवर मी लगेच विश्वास ठेवत नाही. कस्तुरीवर्गीय रेणू आणि अँब्रॉक्सन यांना नाक फार लवकर बधिर होते. स्वतःला येईनासे झाले तरी इतरांना येत असते. पुन्हा फवारण्यापूर्वी घरातल्या कोणाला तरी विचारावे.

ताराराणी_चौक

माझे सौंदर्यप्रसाधनांचे छोटे दुकान आहे. घेताना काय पाहावे ते सांगते. 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार देशी मालावर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत हवी, तर आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. एमआरपीही हवी. आयातदाराचे लेबल नसलेला ‘दुबईचा माल’ माझ्याकडे दर महिन्याला कोणी तरी घेऊन येते, भाव मोहात पाडणारा असतो, मी परत पाठवते. कागदाच्या पट्टीवर हुंगून निर्णय घेऊ नका. मनगटावर लावा, दुकानातून बाहेर पडा, रंकाळ्याला एक चक्कर मारून या आणि मग पैसे द्या. असे गिऱ्हाईक परत येते का, असे मला विचारतात. दहापैकी सहा येतात, आणि ते कधी तक्रार घेऊन येत नाहीत.

पावसाळ्यात लोक बाटली दुचाकीच्या डिकीत ठेवतात आणि उन्हाळ्यातही तिथेच विसरतात. उष्णतेने वरचे हलके घटक आधी बिघडतात, मग मालाला दोष देतात.

गुजरीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल घरी प्रयोग केला. अस्सलची कुपी, आर्माफ आणि आत्याबाईंच्या आग्रहाखातर आणलेले खसाचे अत्तर, तिन्ही तीन रुमालांवर लावून, चिठ्ठ्या झाकून सकाळी ठेवले आणि दुपारी जेवणानंतर सगळ्यांना हुंगायला दिले. पहिल्या दोन रुमालांबद्दल माझ्या आईने सांगितले की दोन्हीला गुऱ्हाळाच्या चुलीजवळ कोणी तरी फळ कापल्यासारखा वास येतो. खस तिने डोळे मिटून ओळखला आणि तो रुमाल परत दिला नाही. भाच्याने आर्माफ निवडले, कारण त्याच्या मते त्यातला धूर जास्त आहे. बिल, आयातदाराचे लेबल आणि बॅच क्रमांक पाहून बाटली घेतली आहे. त्वचेची खात्री म्हणून दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिले, काही उठले नाही.

आता एकच शंका. लग्नानंतर ही जोडी मुंबईहून बालीला जाणार आहे. बाटली हातातल्या बॅगेत चालेल ना?

पाचवी_गल्ली

चालणार नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनमध्ये एका बाटलीची मर्यादा 100 मिली आहे आणि तुमची बाटली 105 मिलीची आहे. अर्धी रिकामी असली तरी बाटलीवर छापलेला आकडाच पाहतात. 10 मिलीच्या स्प्रे कुपीत भरून द्या आणि मोठी बाटली घरच्या कपाटात ठेवा. नेताना पिशवीत सरळ उभी ठेवायला सांगा, स्वस्त कुप्यांची झाकणे गळतात.